फोर्क गळतोय? आधी नळीवरून नख फिरवा

म्हैसुरात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वॉटर सर्व्हिसच्या दुकानांपुढे दुचाक्यांची रांग लागते. इथे नवमीला आयुधपूजा म्हणतात, आणि गाडी धुतल्याशिवाय पूजा होत नाही. दुकानातला पोरगा फवाऱ्याचं पिस्तूल हातात घेतो आणि चाकं, इंजिन, पुढचा फोर्क, दिसेल तिथे मारत सुटतो. चिखल उडतो, मालक खूश. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, गाडीपुढे फोडलेला कोहळा. दशमीला जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. (बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव इथल्या मुख्य रस्त्याला आहे, हे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना सांगताना आम्हा इथल्या मराठी माणसांना उगीचच बरं वाटतं.) मग आठ-पंधरा दिवस जातात आणि दुसरी रांग लागते, ती मिस्त्रींच्या दारात. तक्रार एकच: "एण्णे सोर्ता इदे." तेल गळतंय.

माझ्या मते या दोन्ही रांगांचा एकमेकींशी संबंध आहे. फोर्कच्या सांध्यावर जवळून मारलेला फवारा चिखल धुऊन काढतो खरा, पण त्यातला थोडा ऑइल सीलच्या रबरी ओठाखालीही ढकलतो. तो तिथे बसतो आणि प्रत्येक हंपला, म्हणजे स्पीडब्रेकरला, सीलवर घासत राहतो. मालकाला मात्र वाटतं, सील खराब निघालं. मिस्त्रीही तेच म्हणतो, कारण सील बदलणं हे ठरलेलं काम आहे, त्याची मजुरी ठरलेली आहे. सील का गेलं, हे शोधण्याची मजुरी कुणी देत नाही.

हे मी शिकलो ते मामांच्या येझदी रोडकिंगवर. येझदीचं हे गाव. यादवगिरीतला आयडियल जावाचा कारखाना १९६१ साली जयचामराजेंद्र वाडियारांच्या हस्ते सुरू झाला. आधी चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा निघायची, १९७३पासून त्याच घराण्यातल्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या, आणि १९९६ला कारखान्याचं दार बंद झालं. गाड्या मात्र बंद झाल्या नाहीत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला, त्या सगळ्या रस्त्यावर उतरतात. मामांची १९८४ची. मामा अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, म्हणजे लोखंडाची भाषा कळणारा माणूस. तरी डाव्या फोर्कचं तेल थांबेना. एका गॅरेजात सहा महिन्यांत दोनदा सील बदलून झालं. दोन्ही वेळा पंधरा दिवस कोरडं, मग पुन्हा फोर्कच्या खालच्या भागावर, बॉटमवर, काळा ओघळ.

तिसऱ्या वेळी लष्कर मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने पाना हातात घेतलाच नाही. मामांनी हौसेने बसवलेले रबरी बेलोज त्याने वर सरकवले, फडक्याने नळी पुसली, आणि अंगठ्याचं नख नळीवरून हळूहळू खाली आणलं. सीलच्या वर चार बोटांवर नख अडकलं. "इल्ली," तो म्हणाला. इथे. बघितलं तर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा. बेलोजच्या आत अडकलेल्या ओलीने तो पडला होता, बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नवं सील रोज शेकडो वेळा त्या खड्ड्यावरून जात होतं. कातरीच्या पात्यावरून रबर ओढावं तसं.

फोर्कच्या आत काय असतं, ते थोडक्यात. वरच्या दोन टींमध्ये, म्हणजे आडव्या पकडींमध्ये, धरलेली चकचकीत नळी असते, तिला मिस्त्री पाइप म्हणतात. ती खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉटममध्ये वर-खाली सरकते. आत स्प्रिंग आणि तेल. चाक हंपवर चढलं की स्प्रिंग दबते आणि तेल बारीक भोकांतून ढकललं जातं. तेलाच्या या नाखुशीमुळेच गाडी पाळण्यासारखी झुलत राहत नाही. बीएमडब्ल्यूने १९३५ला आर १२ या गाडीवर तेलाने दमन होणारा असा फोर्क आणला, आणि आजच्या शंभर सीसीच्या गाडीतही मूळ कल्पना तीच आहे. बॉटमच्या तोंडाशी ऑइल सील बसतं, त्यावर तारेचं लॉक, सर्वांत वर धुळीसाठी डस्ट सील. झालं.

जुनं सील कधी हातात घेऊन बघा. आत पत्र्याची कडी, तिच्यावर रबर, आणि नळीला चिकटणारा ओठ जेमतेम केसाच्या जाडीचा. त्या ओठामागे बारीक स्प्रिंगची एक कडी असते, बांगडीसारखी, ती ओठाला नळीवर दाबून धरते. सगळा भार या ओठावर. तो फाटायला दगड लागत नाही, वाळूचा कण पुरतो.

गळतंय ते नक्की काय?

पहिलं काम म्हणजे पुसणं. फोर्क खालपर्यंत कोरड्या फडक्याने पुसा. मग पुढचा ब्रेक घट्ट धरून हँडलवर वजन टाकत दहा-पंधरा वेळा दाबा आणि नळीकडे बघा. नळीवर तेलाचा पातळ, एकसारखा ओलावा दिसला तर घाबरू नका. ओठ तेलावरच चालतो, तेवढा ओलावा त्याला हवाच. पण नळीवर ठळक वर्तुळ उमटलं, किंवा एका बाजूने थेंब जमून ओघळला, तर सील तेल सोडतंय. ओघळ कुठल्या बाजूला आहे तेही लक्षात ठेवा. खड्डा किंवा ओरखडा बहुधा त्याच बाजूला सापडतो.

ओलावा आहे म्हणजे फोर्कचंच तेल, असं गृहीत धरू नका. डिस्क ब्रेकच्या गाडीत वरच्या होजच्या जोडातून ब्रेक फ्लुइड पाझरतं आणि वाऱ्याने फोर्कवर पसरतं. ते बोटांत घासलं तर तेलाइतकं गुळगुळीत लागत नाही, आणि रंगावर पडलं तर रंग फुगवतं. फोर्कच्या जुन्या तेलाचा रंग राखाडी, वास आंबूस. नुकती सर्व्हिसिंग झालेल्या गाडीत डस्ट सीलमध्ये भरलेलं ग्रीसही उन्हात वितळून खाली येतं. ते पुसलं की संपतं.

दुसरं काम नखाचं. नळी नुसती पुसून बघू नका, नख फिरवा, चारही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत. नख जाड असेल तर बायकांचा जुना नायलॉनचा पायमोजा हातात घालून फिरवा. नखाला न कळणारा ओरखडा नायलॉनचा धागा पकडतो. मात्र प्रत्येक खड्डा गुन्हेगार नसतो. सील जिथपर्यंत पोहोचतच नाही अशा वरच्या भागात गंज असला तर तो दिसायला वाईट, एवढंच. सील कुठपर्यंत जातं हे कळायला एक सोपी युक्ती आहे: डस्ट सीलला टेकवून नळीभोवती प्लास्टिकची केबल टाय हलकीच आवळा आणि दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवा. टाय जिथे जाऊन थांबली तिथपर्यंत सीलचं राज्य. त्या पट्ट्यातला खड्डाच तुमचा.

म्हैसुरात तो पट्टा लांब निघतो. चामुंडी टेकडीच्या वळणांवरून उतरताना ब्रेकचा भार पुढच्या चाकावर येतो, फोर्क खोल जातो. बंगळूरच्या महामार्गावर १ ऑगस्ट २०२३पासून दुचाकींना मुख्य रस्ता बंद आहे, त्यामुळे आता सगळा प्रवास सर्व्हिस रोडच्या हंपांवरून. कोकणातल्या वाचकांची गोष्ट वेगळी. मालवण-रत्नागिरीकडे हंपांआधी खारा वारा नळीला खातो, तेव्हा तिथे पावसाळा संपल्यावर एकदा तरी हे नख फिरवाच.

तिसरी तपासणी बहुतेक जण सोडून देतात. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी करा. चाकाच्या अक्षापाशी दोन्ही बॉटम धरून मागे-पुढे ओढा. 'टक' असा आवाज आला तर एकतर हँडलच्या डोक्यातला कोनसेट ढिला आहे, नाहीतर फोर्कमधले बुश झिजलेत. दुसऱ्या माणसाला सांध्यावर बोट ठेवायला सांगा. डोक्याशी हलतंय का डस्ट सीलपाशी, ते बोटाला कळतं. बुश झिजलेले असतील तर नळी सीलमध्ये तिरकी हलत राहते, मग सोन्याचं सील घातलं तरी ते गळणार. पूर्वी कधी अपघात झाला असेल, गाडी खड्ड्यात पडली असेल, हँडल एका बाजूला ओढत असेल, तर नळी वाकल्याची शंका धरा. ती खात्री नळी बाहेर काढल्यावर होते.

न उघडता एक प्रयत्न

नळी गुळगुळीत आहे, बुशमध्ये खेळ नाही, आणि गळती अचानक सुरू झाली, म्हणजे पावसानंतर, धुतल्यानंतर, किंवा उटी रस्त्याच्या धुळीतून आल्यानंतर. असं असेल तर सील फाटलेलं नसून ओठाखाली कण अडकलेला असण्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी फोर्क उतरवायची गरज नाही.

घरात जुन्या कॅमेऱ्याच्या ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्ह पडून असतील तर त्यातली एक पट्टी घ्या. (लग्नाच्या नको, नंतर घरात बोलणी बसतात.) पट्टीच्या एका टोकाला कात्रीने गळासारखा छोटा आकडा कापा आणि कडा बारीक घासून घ्या. डस्ट सील पातळ, बोथट पान्याने उचकटून वर सरकवा, आतला चिखल कोरड्या ब्रशने व फडक्याने काढा. मग पट्टी नळीला चिकटवून हळूच खाली, सीलच्या ओठापर्यंत सरकवा आणि नळीभोवती फिरवत फिरवत वर ओढा. दोन-तीन फेऱ्यांत आकड्यात काळा मळ आणि थोडं तेल येईल. फोर्क दाबा, पुसा, पुन्हा फिरवा. एक्स-रेची फिल्म बरेच जण सुचवतात, ती जरा जाड असते. तिने ओठ दुमडतो असा माझा अनुभव, म्हणून मी निगेटिव्हच वापरतो.

पाच-सहा दिवस कोरडं राहिलं तर सुटलात. नाही राहिलं तर उघडा.

उघडताना

इथून पुढची कृती आजच्या साध्या टेलिस्कोपिक फोर्कची आहे, म्हणजे बहुतेक सगळ्या कम्युटर गाड्यांना आणि बुलेटला लागू. जुन्या जावा-येझदीचा फोर्क उघडायची रीत निराळी आहे. त्यासाठी ती गाडी हाताखालून गेलेला मिस्त्रीच गाठा. केटीएम ड्यूकसारख्या गाडीत नळी खाली आणि जाड भाग वर, म्हणजे फोर्क उलटा असतो, आणि तिथे तेल गळलं की थेट चाकाकडे, ब्रेकवर जातं. तिथे गळती दिसली की दुरुस्तीपर्यंत गाडी उभी ठेवा. साध्या फोर्कमध्येही तेल बॉटमवरून उतरत कॅलिपरला पोहोचतंच, फक्त वेळ लागतो. पुढचा ब्रेक नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागतोय असं वाटलं तर सीलबरोबर पॅडही तपासा.

गाडी पक्की उभी करा. मेन स्टँड, इंजिनाखाली ठोकळा, आणि मागच्या चाकावर कुणीतरी बसलेलं किंवा छताच्या कडीला बांधलेला दोर. अर्धवट उभ्या गाडीचं पुढचं चाक काढून बसणं हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा धोका आहे, तेलाबिलाचा नाही.

कॅलिपर उतरवून दोरीने बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका, आणि दोन पॅडच्या मधे पुठ्ठा घाला. म्हणजे चुकून कुणी लिव्हर दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. चाक आणि मडगार्ड काढा. आता घाई करून फोर्क टीमधून ओढू नका. वरच्या टीचा आवळबोल्ट सैल करून नळीच्या डोक्यावरचा मोठा बोल्ट अर्धा फेरा ढिला करा, नळी खालच्या टीत पकडलेली असतानाच. बाहेर काढल्यावर तो बोल्ट सोडवायला नळी कशात धरणार? व्हाइसमध्ये धराल तर क्रोमवर दात उमटतील आणि नवा खड्डा तुम्हीच कराल. बॉटमच्या तळाचा अ‍ॅलन बोल्टही याच वेळी, स्प्रिंग आत असताना, कुणाला तरी बॉटम वर दाबून धरायला सांगून सोडवा. स्प्रिंग काढल्यावर आतली दांडी बोल्टबरोबर नुसती गरगर फिरते, आणि मग लोक हातोडी-छिन्नीवर येतात.

एका वेळी एकच फोर्क उघडा. दुसरा शेजारी जोडलेला असला की कुठली वॉशर कुठे होती याचं उत्तर समोर असतं.

फोर्क टीमधून बाहेर काढल्यावर डोक्यावरचा बोल्ट पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा. खालून स्प्रिंगचा रेटा असतो, शेवटच्या आट्याला तो उडतो. स्प्रिंगचं वरचं टोक कुठलं, ते खडूने खूण करून ठेवा. मग फोर्क डब्यात उलटा करा, नळी वर-खाली करत सगळं तेल काढा. हे तेल बघण्यासारखं असतं. चंदेरी झाक म्हणजे बुश आणि अ‍ॅल्युमिनियमची झीज, दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय. गटारात ओतू नका, जुनं तेल घेणारा प्रत्येक मोठ्या गॅरेजच्या आसपास असतो.

डस्ट सील वर काढा, तारेचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने सोडवा, तळाचा बोल्ट काढा. बहुतेक फोर्कमध्ये नळी दोन-चार वेळा झटक्याने ओढली की बुशसकट सील बाहेर येतं. काहींमध्ये नळी निघते आणि सील बॉटममध्येच राहतं. ते उचकटताना बॉटमच्या कडेवर लाकडाची पट्टी किंवा चामड्याचा तुकडा ठेवून मगच पान्याचा रेटा द्या. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, आणि सील जिथे बसतं त्या गोल भिंतीवर ओरखडा पडला की तेल सीलच्या बाहेरून गळू लागतं. तो रोग तर अजून वाईट. सील हट्टी असेल तर बॉटमच्या तोंडावर बाहेरून उकळतं पाणी ओता, अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि पकड सैल होते. गॅसच्या ज्योतीने रंग जातो आणि पुढे घरच्यांशी बोलणं होतं ते वेगळं.

आता नळी

सगळे सुटे भाग रॉकेलमध्ये धुवा आणि नळीकडे वेळ द्या. जाड काचेच्या तुकड्यावर ठेवून ती हळूच घरंगळवा आणि मागून टॉर्च धरा. नळी आणि काच यांच्यामध्ये प्रकाशाची फट उघडझाप करत असेल तर नळी वाकली आहे. मोजायचं तर लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज असतो. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.२ मिमीच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. सरळ करून देणारे आहेत, पण पुढच्या चाकाच्या बाबतीत मी तो सौदा करत नाही. साध्या गाडीची नळी सहज मिळते, नवीच घ्या.

खड्ड्याचं काय? ओरखडा वरवरचा, नखाला जेमतेम कळणारा असेल तर हजार आणि मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून नळीभोवती आडवा फिरवा. उभा घासू नका. उभी रेघ म्हणजे तेलाला वर यायची पायवाट. राजगिऱ्याएवढा खड्डा असेल तर आतला गंज टोकदार सुईने खरवडून, थिनरने पुसून, कडक होणारा एपॉक्सी भरतात आणि सुकल्यावर तो नळीच्या पातळीला घासून घेतात. मामांच्या गाडीला त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हेच केलं, आणि करताना सांगितलंही की हे पुढच्या पावसापर्यंत. ते त्यापेक्षा जास्त टिकलं, पण त्याने दिलेलं वचन तेवढंच होतं.

कायमचा उपाय म्हणजे हार्ड क्रोम. जुन्या गाडीला, जिची नवी नळी बाजारात नाही, तिला हाच मार्ग. पण इथे एक फसगत होते. बंपरला, सायलेन्सरला चमक आणणारं क्रोम निकेलवर चढवलेलं आणि अतिशय पातळ असतं. ते नळीवर चढवून आणाल तर दिसायला आरसा आणि दोन महिन्यांत पापुद्रा. औद्योगिक कामाचं हार्ड क्रोम जाड चढवतात, आणि मग नळी ग्राइंडिंग करून मूळ मापाला आणतात. ग्राइंडिंग कुठे करता आणि शेवटचं माप किती सोडता, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर घुटमळलं तर नळी उचला आणि दुसरीकडे जा.

बुश सैल असतील, त्यांच्या आतला करडा थर घासून पितळी रंग दिसत असेल, तर आत्ताच बदला. पुन्हा एवढं उघडणार नाही.

सील आणि तेल घेताना

दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुनं सील पुढे करा. त्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ३३, ४६, ११. पहिला आतला व्यास म्हणजे नळीचा, दुसरा बाहेरचा म्हणजे बॉटमच्या खाचेचा, तिसरा उंची, सगळे मिलिमीटरमध्ये. पहिले दोन जुळून तिसरा जास्त असेल तर लॉक खाचेत बसणार नाही. नेहमी जोडी बदला. एक सील दमलंय तर त्याच वयाचं दुसरं फार मागे नाही. डस्ट सीलही घ्या, आणि तळाच्या बोल्टची तांब्याची वॉशरही. ही वॉशर जुनीच लावल्यामुळे तेल खालून टपकत राहतं, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या सीलवर जातो.

तेल फोर्कचंच घ्या. इंजिन ऑइलवर चालवणारे आहेत, जुन्या काळी सर्रास चालायचं, पण त्यातून फोर्क जड होतो आणि थंडीत दगडासारखा वाटतो. डब्यावरचा '१०डब्ल्यू' हा आकडा कंपनी-कंपनीनुसार वेगळा पातळपणा दाखवतो, तेव्हा ब्रँड बदलायचा असेल तर डब्यामागे दिलेली ४० अंशांची व्हिस्कॉसिटी पाहून बदला, नाहीतर बदलूच नका. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना एका पायात दीडशे ते दोनशे मिलीच्या आसपास तेल लागतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. "जरा जास्त घालू, गाडी कडक होते" हा सल्ला ऐकू नका. तेल वाढलं की त्याच्यावर हवेला जागा कमी उरते, हंपवर ती हवा जास्त दाबली जाते, आणि तो दाब सीललाच बाहेर ढकलतो.

बसवताना

नळीचं वरचं टोक धारदार असतं, आणि नव्या सीलचा पहिला घाव इथेच लागतो. टोकावर दुधाची प्लास्टिक पिशवी घाला, वर फोर्क ऑइल लावा, आणि त्यावरून सील अलगद सरकवा. क्रम चुकवू नका: वॉशर असेल तर आधी ती, मग ऑइल सील, मग लॉक, शेवटी डस्ट सील. सीलची स्प्रिंग दिसणारी बाजू खाली, तेलाकडे. बहुधा आकडे छापलेली बाजू वर राहते.

सील खाचेत ठोकण्यासाठी खास अवजार येतं. नसेल तर नळीवर बसेल अशा मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून दोन भाग करा, नळीभोवती धरून वर टेप गुंडाळा, आणि सीलवर जुनं सील उलटं ठेवून त्यावर मारा. मार बेताचा आणि गोलाकार फिरत. आवाज बदलतो ते ऐका. सील बसत असताना तो पोकळ येतो, तळाला टेकलं की घट्ट, भरीव होतो. लॉकची खाच पूर्ण उघडी दिसली पाहिजे, अर्धी दिसत असेल तर लॉक जबरदस्तीने बसवू नका.

तळाचा बोल्ट नव्या वॉशरसह आवळा. मोजलेलं तेल घाला, नळी दहा-बारा वेळा हळूहळू वर-खाली करा म्हणजे आतली हवा निघेल, आणि पाच मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये तेलाची उंची दिली असेल तर स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, पट्टीने वरून खाली मोजा. दोन्ही पायांत सारखं. मग स्प्रिंग, खडूची खूण वर, आणि डोक्यावरचा बोल्ट.

जोडणीच्या शेवटी एक गोष्ट मात्र जीव लावून करा. चाक बसवलं, अक्षाचा नट आवळला, पण अक्षाला धरणारा छोटा आवळबोल्ट अजून ढिलाच ठेवा. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क सात-आठ वेळा दाबा, मगच तो बोल्ट आवळा. यामुळे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसतात. हे केलं नाही तर एक पाय किंचित तिरका राहतो, आणि नवं सील पहिल्या दिवसापासून एका बाजूने झिजू लागतं.

ब्रेकच्या पॅडवर तेल गेलं असेल तर ते घासून वापरू नका. तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं. पॅड नवे, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसलेली. ड्रमच्या गाडीत शूचंही तेच. सगळं झाल्यावर पहिल्या दोनशे मीटरांत, रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक दोन-तीनदा तपासा.

मामा आता चालवत नाहीत, रोडकिंग मीच फिरवतो. काम झाल्यावर मी एक चक्कर चामुंडी टेकडीवर मारतो. नंदीपाशी थांबतो, टिश्यू पेपर नळीभोवती गुंडाळून काढतो आणि उन्हात धरून बघतो. पहिल्या दिवशी बांधणीच्या वेळचं थोडं तेल लागतं, ते चालेल. आठवड्याने पुन्हा गुंडाळतो. आणि खंडेनवमीला गाडी घरीच धुतो, बादली आणि फडक्याने. वॉटर सर्व्हिसला दिलीच तर पोराच्या शेजारी उभा राहतो आणि पिस्तूल पुढे वळलं की म्हणतो, "अल्ली बेडा." तिथे नको.